रीपरमध्ये ५.१ सराउंड : आधी चॅनेलची वाट, मग वाद्यांची जागा

सराउंड मिक्सिंग, म्हणजे ऐकणाऱ्याच्या समोरच्या आणि मागच्या स्पीकरांत आवाज वाटून ठेवणे, शिकू पाहणाऱ्यांची पहिली अडचण बहुधा कानाची नसते, ती जोडणीची असते. आवाज मागच्या स्पीकरमध्ये न्यायचा असतो, पॅनरमधला (आवाजाची जागा ठरवणाऱ्या साधनातला) ठिपका मागे सरकवलेला असतो, पण मागून काहीच ऐकू येत नाही. सॉफ्टवेअर मोडले असावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात वाटेवरच्या कुठल्या तरी एका ट्रॅकचे चॅनेल दोनच राहिलेले असतात आणि उरलेला आवाज तिथेच थांबलेला असतो. म्हणून या लेखात पॅनिंगआधी राउटिंग, म्हणजे चॅनेलची जोडणी, घेतले आहे. उदाहरणासाठी रीपर हे सॉफ्टवेअर निवडले आहे, कारण त्यात चॅनेलची जोडणी उघडपणे दिसते; इथे समजलेली गोष्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या नावाच्या बटणाखाली सापडते.

समोर एक ठोस काम ठेवू. एका अभंगाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे : गायक, दोन तानपुरे, हार्मोनियम, पखवाज, टाळ, चार जणांची साथ, आणि श्रोत्यांमध्ये ठेवलेली मायक्रोफोनची एक जोडी. यातून ५.१ मिक्स, म्हणजे पाच पूर्ण चॅनेल आणि खर्जाचा एक वेगळा चॅनेल असलेले मिक्स, तयार करायचे आहे.

स्पीकरची मांडणी आणि चॅनेलचा क्रम

आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस. ७७५ या शिफारशीनुसार मधला स्पीकर ऐकणाऱ्याच्या नाकासमोर, म्हणजे ० अंशावर असतो, डावा-उजवा ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. पाचही स्पीकर ऐकण्याच्या जागेपासून सारख्या अंतरावर असावेत. खोलीमुळे ते जमत नसेल, तर जवळच्या स्पीकरला विलंब द्यावा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे एका मीटरच्या फरकाला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर प्रत्येक स्पीकरमधून एकाच पातळीचा पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खरखराट) वाजवून, ध्वनिपातळी मोजणारे मीटर डोक्याच्या जागी धरून, पाचही स्पीकर सारखे लावून घ्यावेत. हे काम एकदाच करायचे असले तरी ते टाळू नये. मागचा एक स्पीकर ३ डीबीने कमी वाजत असेल, तर पॅनरमधली आपली प्रत्येक निवड त्या चुकीची भरपाई करत राहील आणि दुसऱ्या खोलीत तेच मिक्स मागून गोंगाट करील.

आता चॅनेलचा क्रम. डब्ल्यूएव्ही फायलींमध्ये रूढ असलेला ५.१ चा क्रम असा आहे : १ डावा, २ उजवा, ३ मधला, ४ एलएफई म्हणजे खर्जाचा वेगळा चॅनेल, ५ मागचा डावा, ६ मागचा उजवा. चित्रपटाच्या कामात मात्र डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि शेवटी एलएफई असाही क्रम चालतो. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती देणाऱ्याने एक आणि घेणाऱ्याने दुसरा क्रम गृहीत धरला की. माझ्याकडून हे एकदा झाले आहे. मी पहिल्या क्रमाने दिलेली फाइल दुसऱ्या क्रमाने लावलेल्या व्यवस्थेवर वाजवली गेली. गायक उजव्या स्पीकरमध्ये गेला, उजवीकडची हार्मोनियम मधोमध आली, पखवाजाचा खर्ज मागच्या डाव्या स्पीकरमध्ये घुमू लागला आणि मागच्या उजव्या बाजूच्या टाळ्या सबवूफरमधून धपधप येऊ लागल्या. फाइल पाठवताना क्रम लिहून कळवायला हवा होता. तो मी कळवला नव्हता. तेव्हापासून प्रकल्पाच्या नोट्समध्ये पहिली ओळ चॅनेलच्या क्रमाची लिहितो. या लेखात सर्वत्र वर दिलेला पहिला क्रम धरला आहे.

सहा चॅनेलची वाट बांधणे

प्रेफरन्सेसमधील ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर आउटपुटची कक्षा १ ते ६ खुली करावी. ऑडिओ इंटरफेसला किमान सहा आउटपुट हवीत, हे उघड आहे. मग मास्टर ट्रॅकची, म्हणजे सगळा आवाज शेवटी जिथे एकत्र येतो त्या ट्रॅकची, राउटिंग खिडकी उघडून ट्रॅक चॅनेल ६ करावेत आणि हार्डवेअर आउटपुटमध्ये मास्टरचे १ ते ६ इंटरफेसच्या १ ते ६ वर जोडावेत. मूळची दोन चॅनेलची जोडणी तशीच राहिली असेल तर ती काढावी. नाही तर डावा-उजवा दुप्पट वाजतात.

त्यानंतर ‘संगीत बस’ नावाचा, अनेक ट्रॅकचा आवाज एकत्र करणारा एक फोल्डर ट्रॅक तयार करून त्याचेही चॅनेल ६ करावेत आणि सगळी वाद्ये त्याच्या पोटात ठेवावीत. वाद्याच्या ज्या ट्रॅकवर सराउंड पॅनर बसणार आहे त्याचे चॅनेलही ६ हवेत. थोडक्यात, वाद्याचा ट्रॅक, बस आणि मास्टर या तिन्ही पायऱ्या सहा चॅनेलच्या असल्या पाहिजेत. मधली बस दोन चॅनेलची राहिली, तर वाद्याच्या ट्रॅकवर सहाही चॅनेल हलताना दिसतात, पण पुढे फक्त १ आणि २ जातात. रीपर यासाठी कोणतीही सूचना दाखवत नाही. म्हणून या तिन्ही पायऱ्यांच्या मीटरवर उजवी क्लिक करून मल्टिचॅनेल मीटर लावून ठेवावे. आवाज कुठे थांबला ते नजरेला पडते.

वाट बांधून झाली की एकही वाद्य न लावता ती तपासावी. मी यासाठी स्वतःच्या आवाजात सहा शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत : डावा, उजवा, मधला, सब, मागचा डावा, मागचा उजवा. प्रत्येक शब्द वेगळ्या ट्रॅकवर ठेवून, त्या ट्रॅकचा पेरेंट सेंड (फोल्डर किंवा मास्टरकडे आपोआप जाणारी वाट) बंद करून, बसला एक सेंड (आपण हाताने जोडलेली वाट) द्यायचा, ज्याचा उगम मोनो चॅनेल १ आणि मुक्काम त्या शब्दाचा चॅनेल असेल. वाजवल्यावर ‘मागचा डावा’ हे शब्द मागच्या डाव्या स्पीकरमधूनच आले पाहिजेत. टेस्ट टोनपेक्षा ही पद्धत मला जास्त विश्वासाची वाटते, कारण टोन चुकीच्या स्पीकरमधून आला तरी तो कोणाचा होता हे आठवावे लागते. शब्द स्वतःची ओळख सांगतो. सबवूफरमधून ‘सब’ हा शब्द अस्पष्ट, गुरगुरल्यासारखा येईल. तो स्पष्ट ऐकू आला तर चौथा चॅनेल पूर्ण पट्ट्याच्या स्पीकरला जोडला गेला आहे, असे समजावे.

वाद्ये पॅनरवर बसवणे

वाद्याच्या ट्रॅकवर इफेक्टच्या साखळीत शेवटी रीपरचा स्वतःचा रिआसराउंडपॅन लावावा आणि त्यात ५.१ ची मांडणी निवडावी. शेवटी लावण्याचे कारण असे की त्याच्या आधीचे इक्वलायझर आणि कंप्रेसर मोनो किंवा स्टिरिओ आवाजावर काम करतात. तेच पॅनरनंतर लावले, तर दोन चॅनेलचा प्लगइन फक्त १ आणि २ ला स्पर्श करतो आणि मधला व मागचे कोरे सुटतात. बसवर दोन चॅनेलचा कंप्रेसर लावला तरी हेच होते : डावे-उजवे दबते आणि गायकाचा मधला चॅनेल मोकळा राहतो, त्यामुळे पखवाजाच्या प्रत्येक जोरकस थापेवर समोरचा समतोल हलतो. कोणता प्लगइन किती चॅनेलवर काम करतो हे त्याच्या खिडकीतील पिन जोडणीच्या बटणावर दिसते.

पॅनरची खिडकी उघडल्यावर आधी इनपुटची संख्या पाहावी. रीपरमध्ये मोनो फाइल साध्या ट्रॅकवर ठेवली की ती चॅनेल १ आणि २ दोन्हींवर येते. पॅनरची इनपुट दोन असतील तर खिडकीत दोन ठिपके दिसतात. एक हलवला आणि दुसरा जागच्या जागी राहिला, तर पखवाज अर्धा डावीकडे आणि अर्धा भलतीकडे असा फाकतो. मोनो वाद्यासाठी इनपुट एकच ठेवावे. ट्रॅकचा नेहमीचा पॅन नॉब मध्यावर असू द्यावा आणि जागेचे सगळे निर्णय पॅनरमध्येच घ्यावेत.

आता मैफल बसवू. हिंदुस्तानी बैठकीत श्रोत्यांच्या बाजूने पाहिले तर तालवाद्य बहुधा गायकाच्या डावीकडे आणि हार्मोनियम उजवीकडे दिसते. मिक्समध्येही तसेच ठेवावे, कारण मैफलींना जाणाऱ्याच्या डोळ्यांत ते चित्र पक्के असते. पखवाज डाव्या स्पीकरच्या किंचित आत आणि हार्मोनियम उजव्याच्या किंचित आत. अगदी स्पीकरवर ठिपका नेला तर वाद्य लाकडी खोक्यातून आल्यासारखे वाटते.

गायकाच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. स्टिरिओमध्ये मधला आवाज हा डावा आणि उजवा मिळून तयार झालेला भास असतो. ५.१ मध्ये तिथे खरा स्पीकर असतो, आणि त्याचा मोठा फायदा असा की बाजूला बसलेल्यालाही गायक मधूनच ऐकू येतो. तरीही गायकाचा आवाज केवळ मधल्या स्पीकरमध्ये ठेवला तर तो वाद्यांपासून तुटतो, विशेषतः घरी मधला स्पीकर लहान आणि टीव्हीखाली दबलेला असेल तेव्हा. म्हणून पॅनरचा ठिपका मध्यावर ठेवून स्पीकरचा प्रभाव थोडा पसरावा, जेणेकरून डाव्या-उजव्या बाजूंना गायकाचा आवाज मधल्यापेक्षा ६ ते ९ डीबीने कमी पोचेल. याहून जास्त पसरू नये. तोच आवाज तीन स्पीकरमधून जवळपास सारख्या पातळीने आला, तर डोके वीतभर सरकवले तरी काही स्वर पोकळ होतात, कारण तीन वाटांनी येणारा ध्वनी वेगवेगळ्या वेळी पोचून एकमेकांना कापतो.

तानपुरे गायकाच्या मागे बसतात. सराउंडमध्ये आवाज मागे नेण्याची सोय मिळाली म्हणून ते मागच्या स्पीकरमध्ये न्यायचा मोह होतो, पण गायकाच्या मागे आणि ऐकणाऱ्याच्या मागे या दोन वेगळ्या जागा आहेत. मी तानपुरे समोर डावा-मधला आणि उजवा-मधला यांच्या दरम्यान ठेवतो आणि त्यांचा फक्त रिव्हर्ब (घुमार) मागे सोडतो. साथीचे चौघे समोरच्या पूर्ण रुंदीवर पसरावेत.

टाळ बाजूला, म्हणजे डावा आणि मागचा डावा यांच्या मधोमध ठेवून पाहावेत असे कोणालाही वाटेल. करून पाहा, टाळ तिथे ठरत नाहीत. समोरच्या दोन स्पीकरमध्ये ६० अंशांचे अंतर असते आणि आपले कान त्यांच्यातला भास चांगला धरतात. डावा आणि मागचा डावा यांच्यात मात्र सुमारे ८० अंशांचे अंतर असते, दोन्ही स्पीकर डोक्याच्या एकाच बाजूला असतात, आणि दोन्ही कानांतल्या फरकावरून जागा ओळखण्याची आपली क्षमता तिथे फार कमी पडते. आवाज कधी पुढच्या स्पीकरला चिकटतो, कधी मागच्याला. त्यामुळे बाजूची जागा मुक्कामाची नव्हे, ती फक्त ओलांडून जाण्याची समजावी. टाळ समोरच्या रुंदीतच बसवावेत आणि त्यांचा थोडासा अंश मागच्या रिव्हर्बला द्यावा.

एखादा आवाज फिरवायचाच असेल, जसे दिंडीच्या ध्वनिमुद्रणात पुढून मागे जाणारी पालखीची चाल, तर पॅनरच्या एक्स आणि वाय या मापांचे एन्व्हलप (वेळेनुसार बदल दाखवणाऱ्या रेघा) उघडून ऑटोमेशन लिहावे. माउसने ओढून लिहिलेली रेघ थरथरते. तिचे बिंदू पुसून पाच-सहाच ठेवले की चाल सहज वाटते.

श्रोत्यांचे मायक्रोफोन

५.१ मध्ये मैफलीचा जीव इथे असतो. श्रोत्यांमधली जोडी मागच्या डाव्या-उजव्या चॅनेलवर जाते. तिच्यासाठी पॅनर लागतच नाही. पेरेंट सेंड बंद करून बसला १/२ वरून ५/६ वर सेंड दिला की पुरते.

खरा प्रश्न वेळेचा आहे. ही जोडी मंचापासून १५ मीटरवर असेल, तर टाळाचा आवाज तिच्यात सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. गाण्याचे सूर एवढा उशीर पचवतात, टाळ पचवत नाहीत : समोर एक ‘टण’ आणि मागे दुसरा ‘टण’ असे दोन वेगळे ठोके ऐकू येतात. काही जण अशा वेळी मागचा ट्रॅक पूर्ण पुढे ओढून समोरच्या ठोक्याशी जुळवतात. माझ्या मते ते चूक आहे. उशीर शून्यावर आणला की सभागृहाची खोली नाहीशी होते आणि टाळ मागच्या स्पीकरमध्येही तितक्याच हक्काने वाजू लागतात. आपला कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा धरतो आणि थोड्या उशिराने आलेला तोच आवाज त्यात मिसळून घेतो. या सवयीचा उपयोग करावा. राउटिंग खिडकीतील मीडिया प्लेबॅक ऑफसेटमध्ये उणे २० ते २५ मिलिसेकंद लिहून मागचा उशीर साधारण २० मिलिसेकंदांवर आणावा, टाळाची एक लय सुरू ठेवावी आणि दोन ठोके एक होतात तिथे थांबावे. जोडी ८ मीटरवरच असेल तर उशीर मुळातच २३ मिलिसेकंदांचा आहे. तिथे हात लावायची गरज नाही.

मागच्या जोडीची पातळी निवेदन किंवा टाळ्यांवरून ठरवू नये, गाणे चालू असताना ठरवावी. ती बंद केल्यावर सभागृह गेल्याची जाणीव व्हावी, पण चालू असताना मागे वळून पाहावेसे वाटू नये, इतकी. टाळ्यांसाठी नंतर व्हॉल्यूम एन्व्हलप वर उचलता येतो.

रिव्हर्बसाठी दोन वेगळे ट्रॅक घ्यावेत, एक समोरचा आणि एक मागचा. मागच्याचा निकाल ५/६ वर पाठवावा, त्याचा प्री-डिले (घुमार सुरू होण्याआधीचा उशीर) समोरच्यापेक्षा २०-३० मिलिसेकंद जास्त ठेवावा आणि त्यातली वरची धार कमी करावी. दोन्हींकडे एकच सेटिंग ठेवले तर सगळी खोली डोक्याच्या आत गोळा होते.

एलएफई : कमी वापरावा

एलएफई म्हणजे सबवूफर नव्हे. एलएफई हा मिक्समधला चॅनेल आहे, साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतचा, आणि ऐकण्याच्या व्यवस्थेत तो इतर चॅनेलपेक्षा १० डीबी वाढवून वाजवला जातो. सबवूफर हे यंत्र आहे. बास मॅनेजमेंट असेल तर लहान स्पीकरांना न पेलणारा इतर चॅनेलचा खर्जही त्याच्याकडे वळतो. ज्या खोलीत बास मॅनेजमेंट नाही आणि स्पीकर लहान आहेत, तिथे मिक्स करणाऱ्याला खर्ज फक्त एलएफईतूनच ऐकू येतो. मग तो नकळत तिथेच भर घालत जातो. शिवाय ५.१ चे स्टिरिओ करताना एलएफई सहसा टाकूनच दिला जातो. एखाद्या वाद्याचा पाया केवळ तिथे ठेवला, तर मोबाइलवर ऐकणाऱ्याला ते वाद्य अर्धेच मिळते.

आपल्या मैफलीत एलएफईची गरज असलीच, तर ती पखवाजाच्या डाव्या, कणीक लावलेल्या पुडीपुरती. इथे एक बारकावा आहे. पखवाजाच्या ट्रॅकवर सराउंड पॅनर बसलेला आहे, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या पोस्ट-फेडर (इफेक्ट आणि फेडरनंतरचा आवाज घेणाऱ्या) सेंडमध्ये चॅनेल १ म्हणजे आता मूळ पखवाज नसून पॅनरने डाव्या स्पीकरसाठी काढलेला वाटा असतो. म्हणून ‘एलएफई’ नावाचा वेगळा ट्रॅक करून त्याला पखवाजाकडून प्री-एफएक्स (इफेक्टच्या आधीचा आवाज घेणारा) सेंड द्यावा. त्या ट्रॅकवर ८० ते १०० हर्ट्‌झचा लो-पास (त्याखालचाच आवाज जाऊ देणारा फिल्टर) लावावा, पेरेंट सेंड बंद करावा आणि बसला मोनो १ वरून चॅनेल ४ वर सेंड द्यावा. प्री-एफएक्स सेंड पखवाजाच्या फेडरचे ऐकत नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे. पखवाज कमी केला तर एलएफईही हाताने कमी करावा लागतो. लो-पासमुळे फेज सरकते, तेव्हा एलएफई ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून एकदा ऐकावे आणि ज्या बाजूला खर्ज भरीव वाटतो ती ठेवावी.

स्टिरिओत उतरवून पाहणे

हे ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते दोनच स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकतील. म्हणून बसकडून आवाज घेणारा, मास्टर सेंड बंद असलेला ‘स्टिरिओ तपासणी’ हा ट्रॅक सुरुवातीपासून जवळ ठेवावा आणि हेडफोनच्या आउटपुटला जोडावा. त्यात बसचे १/२ हे १/२ वर ० डीबीने, चॅनेल ३ हा १/२ वर उणे ३ डीबीने, चॅनेल ५ हा १ वर आणि ६ हा २ वर उणे ३ डीबीने घ्यावेत. ४ घेऊ नये. प्रकल्पाचा पॅन लॉ (मध्यावरच्या आवाजाची पातळी किती बदलायची याचा नियम) रीपरच्या मूळ ० डीबीवर आहे ना, हे पाहून घ्यावे, नाही तर मधल्या चॅनेलचे गणित चुकते. इथे गायक सराउंडपेक्षा पुढे आलेला वाटला तर त्याचा पसारा जास्त झाला आहे, कारण तिन्ही स्पीकरमधला तोच आवाज इथे बेरीज होऊन येतो. शब्द धुरकट झाले तर मागचा रिव्हर्ब जास्त आहे. चॅनेल मिसळल्यावर पातळी वाढते, त्यामुळे तपासणी ट्रॅकचे मीटर लाल होत असेल तर त्या ट्रॅकचाच फेडर खाली घ्यावा, मिक्सचा नव्हे.

फाइल काढताना रेंडरच्या खिडकीत उगम मास्टर मिक्स, चॅनेलच्या रकान्यात ६, डब्ल्यूएव्ही, २४ बिट आणि चित्रफितीसोबत जाणार असेल तर ४८ किलोहर्ट्‌झ निवडावे. गायक, वाद्ये आणि श्रोते यांचे वेगळे स्टेम (गटवार फायली) मागितले असतील तर निवडलेल्या ट्रॅकचे रेंडर करताना मल्टिचॅनेल ट्रॅकची मल्टिचॅनेल फाइल करण्याची खूण टिकवावी. तयार झालेली फाइल कोऱ्या प्रकल्पात, सहा चॅनेलच्या ट्रॅकवर आणून एकेक चॅनेल सोलो करून ऐकावा : तिसऱ्यात गायक, चौथ्यात फक्त पखवाजाचा खर्ज, पाचव्या-सहाव्यात श्रोते आणि सभागृहाचा घुमार. मग फाइलच्या नावातच क्रम लिहावा, डावा-उजवा-मधला-एलएफई-मागचाडावा-मागचाउजवा असा पूर्ण, आणि सहा शब्दांची ती बोललेली तपासणी फाइल सोबत पाठवावी. घेणाऱ्याने ती आधी वाजवली की मैफल सुरू होण्यापूर्वीच त्याची जोडणी त्याला कळते.